दक्षिणा, बलुतं आणि वर्गणी : शाळेच्या गॅदरिंगचा पैसा कोणाचा?

गोष्ट अठ्ठावीस हजार रुपयांची आहे. आमच्या वस्तीशेजारच्या महापालिकेच्या प्राथमिक शाळेत ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीनिमित्त मुलांसाठी कलावंतांचा कार्यक्रम करायचा, असे आम्ही गेल्या पावसाळ्यातच ठरवले होते. एकाच इमारतीत मराठी, हिंदी आणि उर्दू अशी तीन माध्यमे. पोरे चारशेच्या आसपास. त्यांत बौद्ध, मातंग, चर्मकार, मुस्लिम, उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेले, तेलुगू बोलणारे आणि दोन-चार भटक्या जमातींची घरे असे सगळे. या पोरांनी एकमेकांच्या घरातले गाणे-वाजवणे एका रंगमंचावर ऐकावे, एवढाच हेतू होता. एक शाहिरी पथक, हलगीवाल्यांचा एक ताफा, एक कव्वालीचा गट आणि हिंदी माध्यमातल्या एका मुलीचे वडील. ते दिवसा रिक्षा चालवतात आणि बिरहा फार सुंदर गातात.

हिशेब मांडला. कलावंतांचे मानधन १८,०००, साऊंडचे ४,५००, येण्याजाण्याचे २,५०० आणि पोरांच्या खाऊचे ३,०००. एका पोरामागे सत्तर रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शाळेकडे पैसा नव्हता. मुख्याध्यापिका बाई मनाने चांगल्या, पण त्यांनी हात वर केले. मग एका बांधकाम व्यावसायिकाच्या ट्रस्टचा माणूस आला आणि म्हणाला, सगळे अठ्ठावीस हजार आम्ही देतो. अटी तीनच होत्या. मागे आमचा फ्लेक्स लागेल. सुरुवात सरस्वतीपूजनाने होईल. आणि “ती चळवळीची गाणी नकोत, मुलांना काहीतरी मनोरंजन असू द्या.” सावित्रीमाईंची जयंती आणि सरस्वतीचे पूजन! आमच्यातल्या निम्म्या पोरांना हसू आले. उरलेल्या निम्म्यांनी मात्र गंभीरपणे विचारले की पैसे घ्यायला काय हरकत आहे, कार्यक्रम तर होईल ना? त्या रात्री बुद्धविहारात आमची जी वादावादी झाली, तिच्यातून हा लेख निघाला आहे. वादात एक गोष्ट उघडी पडली. कोणत्या गाण्याला पैसा मिळतो आणि कोणत्या गाण्याला मिळत नाही, याचा महाराष्ट्रात चांगला दोनशे-अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आम्हालाच नीट माहीत नव्हता.

सुरुवात पुण्यातून करू. पेशवाईत श्रावण महिन्यात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. मूळ प्रथा सेनापती खंडेराव दाभाड्यांची. पुढे ती पेशव्यांनी उचलली आणि इतकी वाढवली की लाखो रुपये त्यात जात. हा पैसा कोठून येई? शेतकऱ्याच्या साऱ्यातून. नांगर धरणाऱ्याने भरायचे आणि मंत्र म्हणणाऱ्याने घ्यायचे. राज्याच्या तिजोरीतून संस्कृतीला पैसा देण्याची आपल्याकडची ही पद्धत होती, आणि त्यात संस्कृती म्हणजे काय, हे आधीच ठरलेले होते.

१८१८ ला पेशवाई गेली, पण दक्षिणा गेली नाही. एल्फिन्स्टनसाहेबाला पुण्यातला असंतोष नको होता. त्याने दक्षिणा आटोक्यात आणली, पण बंद केली नाही. त्याच फंडातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि सुरुवातीला तिथे प्रवेश ब्राह्मण मुलांनाच होता. म्हणजे राज्य बदलले, झेंडा बदलला, पैशाची वाट तीच राहिली. पुढे लोकहितवादींसारख्या सुधारकांनी १८४९ मध्ये अर्ज केला की ही दक्षिणा नुसत्या पाठांतराला देण्याऐवजी मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे म्हणून द्या. सनातन्यांनी त्यावरून केवढा गदारोळ केला! तरी त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. कागदावर आता दार उघडले होते. कोणीही लिहावे, चांगले असेल तर बक्षीस घ्यावे.

१८५५ मध्ये जोतिराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. गरोदर कुणबी बाई, तिचा नवरा, त्यांना ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी, त्यांना शहाणे करणारा पाद्री आणि मध्ये मध्ये बोलणारा विदूषक. नाटकाच्या शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेत शिकायला जायचे ठरवते. तात्यांनी हे नाटक कमिटीकडे पाठवले आणि कमिटीने ते नाकारले. भट सभासदांपुढे कमिटीतल्या युरोपियनांचेही चालले नाही, असे तात्यांनीच ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवले आहे. मराठीतल्या आद्य आधुनिक नाटकांपैकी एक असलेली ही संहिता शंभराहून जास्त वर्षे छापलीही गेली नाही.

इथे जरा थांबून विचार करा. कमिटीने तात्यांना तुरुंगात टाकले नाही, नाटकावर बंदीही घातली नाही. नुसता पैसा दिला नाही. एवढ्याने काम झाले. एम.ए.ला आम्हाला पिएर बोर्द्यूचे ‘सांस्कृतिक भांडवल’ शिकवले. त्याची फ्रान्समधली उदाहरणे आम्ही परीक्षेत घोकून लिहिली, पण ‘तृतीय रत्न’चे उदाहरण वर्गात एकदाही आले नाही. ते आले असते तर प्रकरण पाच मिनिटांत समजले असते.

ट्रस्टवाल्याच्या त्या तिसऱ्या अटीकडे आता पुन्हा बघा. चळवळीची गाणी नकोत. तोही बंदी घालत नव्हता.

तात्या रडत बसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या पैशाने आणि मित्रांच्या मदतीने छापले, १८६९ मध्ये शिवाजीराजांचा पवाडा लिहिला, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. आणि १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, त्यात नेमका हाच मुद्दा सरकारच्या तोंडावर मांडला. सरकारचा महसूल शेतकऱ्या-कष्टकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर होतो. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, अशी त्यांची मागणी होती. आपली पोरे हे निवेदन ‘शिक्षणाचे निवेदन’ म्हणून वाचतात. ते मुळात बजेटचे निवेदन आहे.

सत्यशोधकांनी पुढे जलसे उभे केले. साचा तमाशाचा होता, गण-गवळण-वग लोकांना माहीत असलेलेच, पण आतला माल बदलला. गणपतीच्या जागी निर्मिकाची किंवा जोतिबांची स्तुती आली, वगात सावकार आणि भटजी उघडे पडू लागले. या जलशांचा खर्च कोणत्याही कमिटीने केला नाही. ज्या गावात जलसा, त्या गावाने भाकरी द्यायची, दिवट्यांना तेल द्यायचे, जमेल ती वर्गणी द्यायची. दक्षिणा वरून खाली येते, वर्गणी खालून उभी राहते. आमच्या मते सगळा इतिहास या दोन शब्दांत आहे. पण वर्गणीचीही एक अडचण आहे, ती पुढे सांगतो.

राज्याने स्वतःहून उलट दिशेने पैसा वळवला, असे ठळक उदाहरण महाराष्ट्रात एकच दिसते : कोल्हापूर. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुले एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. आज आपण ‘सर्व समाजाची मुले असलेली शाळा’ सहज म्हणतो. ती अशी हुकूम काढून बनवावी लागली आहे. याच महाराजांनी पॅलेस थिएटर बांधले, अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात मान दिला, खासबागेत कुस्तीचे मैदान उभारले, मूकनायकसाठी बाबासाहेबांना अडीच हजार रुपये दिले. शाळा, गाणे, कुस्ती आणि वर्तमानपत्र यांचा पैसा एकाच हातातून आणि एकाच विचाराने गेला. मात्र हे एका राजाच्या मनावर होते, हेही विसरू नका. ६ मे १९२२ ला महाराज गेले आणि तो हात उरला नाही. राजा चांगला निघेल या भरवशावर पोरांचे शिक्षण ठेवता येत नाही.

ब्रिटिश मुलखात गाडी हळू चालली होती. १९२३ मध्ये मुंबई सरकारने ठराव केला की अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या अनुदानित शाळेला अनुदान मिळणार नाही. बोले ठरावही त्याच वर्षीचा. म्हणजे दार उघडायचे तर पैशाची दोरी ओढावी लागते, हे सरकारलाही कळत होते. अंमलबजावणी किती झाली ते वेगळे सांगायला नको. मुलाला दाखल करून घ्यायचे, पण व्हरांड्यात बसवायचे.

मग बाबासाहेब विधिमंडळात आले. १२ मार्च १९२७ चे त्यांचे शिक्षण अनुदानावरचे भाषण प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. महाडच्या चवदार तळ्याच्या आठच दिवस आधीचे हे भाषण आहे! एकीकडे पाण्याचा हक्क, दुसरीकडे बजेटचा. त्यांनी दाखवले की सरकार शिक्षणावर डोई अवघे चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या महसुलातून त्याच माणसाकडून डोई दोन रुपयांहून जास्त काढते. निदान जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोहोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, म्हणजे त्यांच्यावरचा खर्चही वाया जातो, हेही त्यांनी त्याच भाषणात मांडले.

डोई हिशेब करायची ही पद्धत आपण बाबासाहेबांकडून घेतली पाहिजे. आमचा सत्तर रुपयांचा आकडा तसाच काढला आहे. वर्षातून एकदा एका मुलाला हलगी, शाहिरी, कव्वाली आणि बिरहा समोर बसून ऐकवायला सत्तर रुपये लागतात. वडापाव आणि चहाच्या दोन-तीन फेऱ्या. हे परवडत नाही म्हणणाऱ्या व्यवस्थेला कशाकशाला परवडते, ते आपापल्या शहराच्या उद्घाटनांचे फ्लेक्स मोजून ठरवा.

बाबासाहेबांनी संस्कृतीकडे दुर्लक्ष केले, असा एक समज आपल्यातही आहे. तो चुकीचा आहे. १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृहाबरोबर वाचनालय आणि हॉकी क्लबही चालवला. तीसच्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिकच्या भीमराव कर्डकांचे पथक त्यांतले मोठे नाव, आणि त्यांचे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक ज्याच्याकडे असेल त्याने जपून ठेवावे. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण आपल्याकडे घराघरात सांगितली जाते. या जलशांमागे पैसा कोणाचा होता? गिरणीतल्या बदली कामगाराचा, रेल्वेतल्या खलाशाचा, गोदीतल्या हमालाचा. चाळीतून आणा-दोन आणे गोळा व्हायचे. ज्यांच्या पोरांना शाळेत व्हरांड्यात बसवले जात होते, त्यांनी स्वतःची शाळा रात्रीच्या चौकात पेट्रोमॅक्सच्या उजेडात भरवली.

आणि संस्था हातात आल्यावर काय झाले तेही पाहा. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले, विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केले, आणि धम्मदीक्षेच्या वेळी ते नागपुरातही झाले. दलित रंगभूमीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण या नाटकापाशी थांबतात. नाटक कॉलेजच्या गॅदरिंगमधून आले, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. संस्था आपली, व्यासपीठ आपले, परवानगी मागायला कोणाकडे जायचे नाही. १८५५ ला दक्षिणा कमिटीने जे नाकारले, ते शंभर वर्षांनी मराठवाड्याच्या माळावर उगवले.

आता बिल्डरच्या पैशाकडे वळू. घ्यावे की घेऊ नयेत? आमच्या त्या रात्रीच्या बैठकीत एकाने पठ्ठे बापूरावांची गोष्ट काढली. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जातीने ब्राह्मण, तमाशाचे बादशहा. त्यांची साथीदार पवळा महार समाजातली. महाडच्या लढ्याच्या काळात बापूरावांनी तमाशाचे खेळ करून त्याचे उत्पन्न निधीला द्यायची तयारी दाखवली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, अशी हकीकत आहे. आपल्या समाजाच्या बाईला नाचवून मिळवलेला पैसा आपल्या मुक्तीच्या लढ्याला नको, हे त्यामागचे कारण सांगितले जाते.

ही गोष्ट सांगून आमचा मित्र गप्प बसला. त्याला वाटले वाद मिटला. पण आमच्यातल्या एका ताईने लगेच विचारले, “आणि पवळाला कोणी विचारलं का?” गाणे तिचे, गळा तिचा, पाय तिचे. पैसा बापूरावांचा कसा झाला? इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवरच्या ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या २०२२ च्या पुस्तकात हे प्रश्न फार बारकाईने मांडले आहेत. आमचे मत असे की बाबासाहेबांचा नकार त्या वेळी बरोबर होता, कारण कलेच्या नावाखाली जातीच्या बाईचे शरीर विकले जात होते आणि त्याला पुण्य चिकटवायचे नव्हते. पण त्या नकारातून ‘कलावंताचा पैसा घाण’ असा अर्थ काढणाऱ्यांनी ताईचा प्रश्न आधी सोडवावा. नाकारायची ती कला कमावून खाणाऱ्याची मालकी. कलावंतिणीचे कष्ट नाकारायचे नाहीत.

शेवटी आम्ही ट्रस्टचे पैसे नाकारले. वर्गणी फिरवली. रिक्षा स्टँड, भाजीवाल्या मावशी, दोन मशिदींच्या गल्ल्या, नोकरीवाले दादा-ताई, सगळीकडे फिरलो. पंधरा दिवसांत १९,६०० रुपये जमले. ८,४०० कमी.

आणि इथे आमच्याकडून चूक झाली. ती लपवण्यात अर्थ नाही.

पैसे कमी पडतात म्हटल्यावर आम्ही पहिल्यांदा कोणाकडे गेलो? हलगीवाल्यांकडे. चौघांचा ताफा, मातंग समाजातले, त्यांच्यातले म्हातारे मामा साठीच्या पुढचे. आम्ही हात जोडून म्हणालो, “मामा, समाजाचं काम आहे, या वेळी मानधन राहू द्या, नुसता प्रवासखर्च घ्या.” मामा हसले. म्हणाले, “बाळांनो, मंडप-साऊंडवाल्यानं समाजाचं काम म्हणून कमी केलं का?” आम्ही त्याला विचारलेच नव्हते. त्याला आगाऊ पैसेही देऊन झाले होते.

ही वर्गणीची अडचण, जी मघाशी सांगायची ठेवली होती. वर्गणी कमी पडली की ती सगळ्यांत खालच्या माणसाच्या श्रमातून भरून काढली जाते. आणि हलगीच्या बाबतीत हे नवे नाही. गावगाड्यात मांगाने आणि महाराने वाजवायचे, हे काम नव्हते, ती चाकरी होती. लग्न पाटलाचे, जत्रा देवीची, वरात सावकाराच्या पोराची, वाजवणारा यांच्यातला. मोबदला बलुत्याचा, तोही खळ्यावर जाऊन मागायचा आणि शिव्या खात घ्यायचा. वतनाच्या नावाखाली ही फुकटची राबणूक चालते म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले. धर्मांतरानंतर गावोगावच्या आपल्या बापजाद्यांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तसे देवीपुढे वाजवणेही सोडले, आणि त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. म्हणून आजही आपल्या कित्येक घरांत हलगी शाळेत वाजवायची म्हटले की आजी-आजोबांच्या कपाळाला आठ्या पडतात. आमच्या बैठकीतही एक काका म्हणाले, “जे फेकून दिलं ते पोरांच्या हातात पुन्हा कशाला देता?”

काकांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ‘लोककला’ म्हणून हलगी वाजते तेव्हा अनेकदा तेच होते. वाजवणारा मागे उभा, पाहुणे खुर्चीवर, वाजवणाऱ्याचे नाव पत्रिकेत नाही, खाऊ सगळ्यांच्या शेवटी. वाद्य बदलले नाही आणि नातेही बदलले नाही. पण मामांचे म्हणणेही ऐका. ते म्हणतात, वाजवणं वाईट नव्हतं, हुकमावर वाजवणं वाईट होतं. आम्हाला वाटते यातून वाट निघते, आणि ती पैशातून आणि मानातून निघते. छापील निमंत्रणपत्र, पत्रिकेवर नाव, पुढच्या दाराने प्रवेश, बसायला खुर्ची, ठरलेले मानधन पाकिटात आणि कार्यक्रमाआधी. असे केले तर मामा कलावंत आहेत. नाही केले तर आपण निळा झेंडा लावलेले पाटील आहोत. आम्ही त्या दिवशी तसे झालो होतो.

बौद्धांनी मातंगांना ‘समाजाचं काम’ सांगताना समाज म्हणजे कोण, हेही एकदा ठरवावे. वर्गणीच्या पावतीपुस्तकावर सगळी नावे आमची होती.

कमी पडलेले ८,४०० आम्ही असे भरले : साऊंड लहान घेतला, खाऊ घरोघरी करून आणला, उरलेले आमच्यातल्या पगारदार सहा जणांनी वाटून घेतले. मानधनातून एक रुपया कापला नाही. कार्यक्रम झाला. उर्दू माध्यमाची पोरे हलगीवर नाचली आणि बिरहा सुरू झाल्यावर रिक्षावाल्या दादांची मुलगी पहिल्या रांगेत ताठ बसली होती. एरवी तिला वर्गात ‘भैय्या की बेटी’ म्हणतात.

हा प्रश्न फक्त आपला नाही, हे सांगायला एक परदेशी उदाहरण. अमेरिकेत कार्टर वुडसन या काळ्या इतिहासकाराने १९१५ मध्ये शिकागोत काळ्यांच्या इतिहासासाठी संस्था काढली. (बाबासाहेब त्या वेळी न्यूयॉर्कला कोलंबियात शिकत होते.) १९२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी काळ्यांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला. शाळाशाळांतून काळ्या शिक्षिकांनी तो उचलला, पोरांनी नाटुकली केली, गाणी म्हटली, मिरवणुका काढल्या. सुरुवातीला वुडसनना गोऱ्यांच्या मोठ्या प्रतिष्ठानांचा पैसा मिळत होता. संस्था कोणाच्या सांगण्याने चालवायची, यावर त्यांचे जमेना आणि तिसाव्या दशकाच्या सुरुवातीला तो पैसा आटला. मग वुडसन आपल्या लोकांकडे वळले. शिक्षक, चर्च, महिला मंडळे यांच्या छोट्या छोट्या देणग्यांवर काम उभे राहिले. १९३७ पासून शाळाशिक्षकांसाठी स्वस्त मासिकही निघाले. पन्नास वर्षांनी, १९७६ मध्ये, त्या आठवड्याचा महिना झाला आणि सरकारने त्याला मान्यता दिली. आपल्या पँथरने १९७२ मध्ये अमेरिकेकडून नाव घेतले. वर्गणीचे वहीखाते कसे ठेवायचे, हेही घ्यायला हवे होते, असे कधी कधी वाटते.

पण वर्गणी हे कायमचे उत्तर नाही. ही शाळा आपण भरलेल्या करातून चालते. वस्तीतला माणूस साबणाच्या वडीवरही कर भरतो. मग त्याच्याच पोराच्या शाळेतल्या कार्यक्रमासाठी त्याने पुन्हा पावती का फाडावी, किंवा कोणा ट्रस्टच्या अटी का ऐकाव्यात?

कायदा आपल्या बाजूने आहे आणि आपण तो वापरत नाही. संविधानाच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या विद्यार्थ्याला, तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही. सरस्वतीपूजनाचा मुद्दा भांडणाचा न करता या कलमाचा करा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवायचा अधिकार याच समितीला आहे. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडाही तीच करते. कलम २९ म्हणते की अभ्यासक्रम संविधानातल्या मूल्यांशी सुसंगत हवा आणि मुलाचा सर्वांगीण विकास साधणारा हवा.

समग्र शिक्षा योजनेत पटसंख्येप्रमाणे शाळेला संयुक्त अनुदान मिळते, जास्तीत जास्त वर्षाला १ लाख. त्यातून दुरुस्ती, खडू-फळा, वीजबिल, स्वच्छता हे सगळे भागवायचे. कला उत्सव आहे, पण तो माध्यमिकच्या मुलांचा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात स्थानिक कारागिरांकडे शिकायचे दहा ‘दप्तराविना दिवस’ आहेत, ते सहावी ते आठवीसाठी. पहिली ते पाचवीच्या पोराच्या वाट्याला यातले काय येते? त्याच्या वाट्याला डी.जे.वरचे फिल्मी गाणे आणि भाड्याने आणलेला कोळ्याचा पोशाख येतो, त्याचेही भाडे आईनेच दिलेले असते. बिनपैशाचे गॅदरिंग म्हणतात ते हेच. पैसा लागतोच, फक्त तो आईच्या बटव्यातून जातो आणि कुठे लिहिला जात नाही. ज्या आईला ते भाडे परवडत नाही, तिचे मूल त्या दिवशी शाळेत येत नाही. हजेरीपट काढून बघा.

यंदा आम्ही काम उलटे सुरू केले आहे. वर्गणीच्या आधी समिती. आमच्या वस्तीतल्या पाच आया शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, त्यांतल्या तिघींना आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हते, सही मात्र दर महिन्याला होत होती. त्यांच्याबरोबर बसून आम्ही एक पानी ठराव लिहिला. शाळा विकास आराखड्यात ‘स्थानिक कलावंतांचा कार्यक्रम व मानधन’ हे वेगळे कलम घालावे. प्रत्येक माध्यमाच्या पालकांनी एक एक कलावंत सुचवावा. मानधन आधी ठरवून लेखी द्यावे. देणगी घ्यायची झाल्यास ती समितीच्या नावाने, पावती देऊन आणि कार्यक्रमाच्या आशयावर अट न घेता घ्यावी. आराखडा मान्य होऊन पैसा वेळेत येईलच, असे आम्ही कोणाला सांगत नाही. पण मागणी कागदावर नसेल तर नकारही कागदावर मिळत नाही, आणि नकार कागदावर हवा. तात्यांनी तो नोंदवून ठेवला म्हणून तर आज आपल्याला दक्षिणा कमिटी माहीत आहे.

बैठक या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, शाळा सुटल्यावर आहे. हिंदी माध्यमाच्या आयांसाठी ठरावाचे हिंदी आणि उर्दू माध्यमासाठी उर्दू भाषांतर तयार आहे. तेलुगूचे राहिले आहे. तेलुगू लिहिता येणारे कोणी वाचकांत असेल तर शनिवारच्या आत विहारात येऊन भेटा. मामांनाही बोलावले आहे. त्यांनी विचारले, “वाजवायला की बोलायला?” बोलायला, असे सांगितले आहे.

जय भीम.